भात्यावरचा हात

पौषातली ती सकाळ उजाडायला नाखूश होती. कृष्णेच्या पात्रावर धुके उतरले होते. पात्रावरून ते काठच्या गाळवट मळईत चढले, मळईतून उसाच्या फडांत शिरले, आणि फडांपलीकडच्या साखर कारखान्याचे धुराडे तेवढे त्या शुभ्र, निःशब्द पुरातून डोके वर काढून उभे राहिले. धूर वर चढत नव्हता, धुके खाली बसत नव्हते. दोघांची कुठेतरी अधांतरी मिठी पडली होती, आणि आकाश नावाची गोष्ट त्या दिवसापुरती मोडीत निघाली होती.

राखवर्णी उजेड, राखवर्णी पाणी, राखवर्णी पाखरे. बाकीचे रंग कुठे गेले होते कोण जाणे.

एक रंग मात्र शिल्लक होता. नदीकाठच्या मोठ्या रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर, काचेआडच्या एका खोलीत तो दोन नळ्यांतून वाहत होता. एका नळीतून काळपट, जांभुळगर्भ रक्त मल्हारी लोहाराच्या देहातून बाहेर येत होते. दुसऱ्या नळीतून तेच रक्त पळसफुली होऊन, टवटवीत होऊन त्याच्या देहात परत जात होते. मधे एक यंत्र होते. ते अखंड घूं घूं करत होते, आणि मल्हारीच्या वाटचा श्वास तेच घेत होते.

मल्हारीची छाती हलत नव्हती. कपाळ ऊन होते, नाडी चालत होती, माणूस जिवंत होता, आणि छाती हलत नव्हती. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, हौसाबाईने, असला चमत्कार जन्मात पाहिला नव्हता. आणि पाहिला तो तिला मुळीच आवडला नव्हता.

मार्गशीर्षात ऊसतोड्यांचे कोयते शेवटता शेवटता, त्यांना नवी धार काढता काढता, मल्हारीला थंडी वाजली होती. धगधगत्या भट्टीपुढे बसून कुडकुडणारा लोहार म्हणजे थट्टेचाच विषय, आणि हौसाने ती मनसोक्त केली. “आगीचे जावई तुमी, आन् तुमास्नी हुडहुडी?” असे ती म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ निळे पडले. पाचव्या दिवशी त्याला गाडीत घालून इथे आणले. ती थट्टा आता तिला आठवत होती.

छातीच्या फोटोत त्याची दोन्ही फुफ्फुसे पांढरी दिसली होती. न्यूमोनियाने ती अशी काही गच्च भरली होती की घशात नळी घालून, दाबून दिलेला वाराही आत शिरेना. तेव्हा डॉक्टर शेडबाळे यांनी हे यंत्र लावले. रक्त बाहेर काढायचे, बाहेरच धुवायचे, त्यात प्राणवायू भरायचा आणि परत आत सोडायचे. फुफ्फुसांना सुट्टी, त्यांनी नुसते पडून राहायचे आणि बरे व्हायचे.

हौसाला त्यातले एकच नीट कळले. मल्हारीला वारा देणारे दुसरे कोणीतरी आले होते. चौतीस वर्षे ते काम तिचे होते.

धामणी गावच्या वेशीपाशी त्यांची भट्टी होती. ऐरणीपुढे तो, भात्यापाशी ती. लग्न होऊन आली तेव्हा अंगावरची हळद पुरती उतरलीही नव्हती, आणि सासूने तिच्या हातात भात्याची साखळी दिली होती. साखळी ओढली की भात्याचे कातडी पोट फुगे. सोडली की तोच वारा निमुळत्या नळीतून निखाऱ्यांत घुसे, आणि निखारे काळ्याचे तांबडे होत, तांबड्याचे केशरी, केशरीचे लखलखीत पिवळे. त्या पिवळ्या उजेडात समोरच्या माणसाचे उघडे, घर्मस्नात, ताम्रवर्णी खांदे दिसत. हौसाने ते चौतीस वर्षे पाहिले होते आणि तिचे मन भरले नव्हते.

त्या दोघांत फारसे बोलणे नसे. घणाच्या आवाजात बोलून करायचे तरी काय? वारा कमी पडला की मल्हारी ऐरणीच्या कडेवर हातोडीचे दोन हलके ठोके देई. टिक् टिक्. हौसा ओढ वाढवी. तिची ओढ वाढली की त्याचा हातोडा त्या ओढीवर पडू लागे. ती वर तर तो वर, ती खाली तर तो खाली. अबोला धरला असला तरी टिक् टिक्. पहिले लेकरू गेले त्या आठवड्यातही टिक् टिक्, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही आणि फाळ मोडायचे राहत नाहीत. त्याने वारा मागितला आणि तिने दिला नाही, असे एकदाही घडले नव्हते. याचा तिला अभिमान होता. तो तिने कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता इतकेच.

यंत्र लावल्याच्या दहाव्या दिवशी डॉक्टर शेडबाळे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. वयाने तरुण, चष्म्याआड डोळे जागरणाने सुजलेले, बोलणे मात्र सावकाश.

“मावशी, मामांना सध्या श्वासाची भूकच लागत नाही. यंत्र सगळं रक्त धुऊन देतंय, मग ते कशाला घेतील श्वास? उद्या आपण यंत्राचं काम जरा कमी करू. भूक लागली की घेतील आपणहून. पण हलका घ्यायला हवा. फुफ्फुस आत्ता भिजलेल्या कागदासारखं झालंय. जोरात ओढला तर फाटेल.”

“आन् म्या काय करू?”

“समोर बसा. ओळखीचा चेहरा दिसला की माणूस घाबरत नाही.”

हौसाने मान हलवली. मान हलवणे निराळे आणि पटणे निराळे. हलका श्वास! आग विझत आली असताना हलका वारा कोण देते? तेव्हाच तर साखळीला लोंबकळायचे असते. शिकलेली माणसे जात्याच भित्री, असे तिचे जुने मत होते, आणि डॉक्टरांनी ते आणखी पक्के केले.

दुसऱ्या दिवशी झोपेचे औषध उतरवले. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी खिडकीबाहेर धुके जसेच्या तसे होते. मल्हारीच्या पापण्या थरथरल्या, उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली होती, त्यामुळे शब्द नव्हता. नुसते डोळे होते. ते छतावर फिरले, दिव्यावर थबकले, आणि अखेर पायथ्याशी बसलेल्या हौसावर येऊन ठरले. त्या डोळ्यांत ओळख उमटली तेव्हा तिला रडू फुटले, आणि तिने ते गिळले.

एस्तेर सिस्टरने यंत्राचे एक बटण किंचित फिरवले. वेळ गेला. पडद्यावरचे आकडे हळूहळू चढू लागले. आणि मग, अकरा दिवसांत पहिल्यांदा, मल्हारीची छाती आपणहून हलली.

इवलीशी हलली, झोपल्या मांजरीची कूस हलते तेवढी. थांबली, पुन्हा हलली, पुन्हा थांबली. सिस्टरचा चेहरा खुलला. हौसाचा उतरला. एवढाच? पहाडाएवढ्या माणसाचा श्वास एवढाच? तिला ते बघवेना.

तेवढ्यात त्याच्या उजव्या हाताचे बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर पडले. टिक् टिक्.

औषध उतरताना बोटे अशी थरथरतात, असे सिस्टरने पुढे कधीतरी सांगितले. असेलही. पण त्या क्षणी हौसासाठी जगात दुसरा अर्थ नव्हता. तिचा हात आपोआप वर गेला, हवेतली नसलेली साखळी त्या हाताने मुठीत धरली, आणि तो खाली आला. वर, खाली. वर, खाली. मल्हारीचे डोळे त्या हाताला चिकटले, आणि त्याची छाती त्या हाताबरोबर उठू लागली.

हौसाला हर्ष झाला. बघा म्हणावे, बघा! तिने ओढ वाढवली. छाती आणखी उठली, बरगडी न् बरगडी दिसू लागली, गळ्याची शीर तटतटली, गालांवर तांबूस झाक आली. काळ्याचे तांबडे होत होते. सिस्टर पाठमोरी उभी राहून औषधाची पिशवी बदलत होती. “ओढा,” हौसा दबक्या आवाजात म्हणाली, “ओढा, अजून ओढा.” आणि चौतीस वर्षे जे झाले तेच झाले. तिने दिले, त्याने घेतले.

पाच मिनिटेही झाली नसतील. त्याचे तोंड वेडेवाकडे झाले. उजवीकडची छाती फुगली आणि फुगलेलीच राहिली. यंत्रे केकाटू लागली, माणसे धावत आली, कुणीतरी हौसाला दंडाला धरून बाहेर नेले. ती बाहेर गेली तेव्हाही तिची मूठ वळलेलीच होती.

फुफ्फुस फाटले होते. वारा त्यातून निसटून छातीच्या पिंजऱ्यात कोंडला होता. बरगड्यांमधून आणखी एक नळी घातली. तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले. त्या पाण्यात बुडबुडे येत राहिले, फुटत राहिले. मल्हारीला पुन्हा झोपेत बुडवले, पहिल्यापेक्षा खोल. छाती पुन्हा निश्चल झाली.

“असं होतं कधी कधी, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “यात कुणाची चूक नाही.”

हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग दिवसांमागून दिवस गेले, सगळे एका वर्णाचे, एका वजनाचे, धुक्याने धुऊन फिके केलेले. पहाटे धुके येई, दुपारी पातळ होई, तिन्हीसांजेला पुन्हा दाटे. मुलगी सासरहून आली, आईच्या गळ्यात पडून रडली, परत गेली. हौसा बसून राही. उजवा हात तिने डाव्या हातात धरून ठेवलेला असे, एखाद्या खोडकर जनावराला दावे लावावे तसा. त्या हाताने घास उचलायची तिला शिसारी येई. बाटलीतले बुडबुडे ती बघे. एकेक बुडबुडा म्हणजे मल्हारीचा वाया गेलेला एकेक श्वास, आणि तो आपणच वाया घालवला, हे तिला ठाऊक होते. दुसऱ्या कुणाला नव्हते, हेच तर सहन होत नव्हते.

फुफ्फुस फाटल्याच्या बाराव्या दिवशी बुडबुडे थांबले. फाटलेले फुफ्फुस भरून आले होते. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“यंत्राच्या चाळणीत रक्ताच्या गुठळ्या धरायला लागल्यात, मावशी. चाळणी एकदा बदलून झाली. गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध वाढवावं, तर नळ्यांच्या जागी रक्त थांबत नाही. असं फार दिवस नाही चालवता येणार. उद्या पुन्हा बघू. उद्या जर त्यांनी घेतला नाही…” त्यांनी वाक्य तिथेच सोडले, आणि दुसरे उचलले. “घेतला, जगले, तरी भट्टीपुढे बसणं संपलं. धूर, कोळसा, काहीच नाही चालायचं.”

“डाक्टर,” हौसा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तुमी त्या दिशी म्हनला, कुनाची चूक न्हाई. हाय. माजी हाय.”

“तुमची?” डॉक्टरांनी विचारले.

“त्यांनी वारा मागितला. म्या दिला.”

आणि तिने सगळे सांगितले. भाता सांगितला, साखळी सांगितली, दोन ठोके सांगितले. हात वर करून, खाली आणून दाखवला. मग तो हात तिने पदरात लपवला. डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. 

“खेकसा की वो अंगावर,” हौसा कळवळून म्हणाली. “एवढं शांत नका ऱ्हाऊ.”

“मावशी,” ते म्हणाले, “ते खरंच तुमच्या हाताबरोबर घेत होते?”

“चौतीस वर्सं घेत्यात.”

“मग हात हळू चालवता येईल? अगदी हळू?”

हौसाने विचार केला. येत होता. दुपारी काम नसले, तरी भट्टी विझू द्यायची नसे. तेव्हा एक निराळीच ओढ लागे. निखारा झोपू नये आणि भडकूही नये, राखेखाली नुसता जागा राहावा, एवढाच वारा. पाळण्याची दोरी ओढतात तशी ती ओढ. घाईत हात गेला की ती मोडे. सासू म्हणायची, ही ओढ ज्या बाईला आली तिला भाता आला. हौसाला ती शिकायला दोन वर्षे लागली होती.

उद्याची सकाळ उगवली तीही धुक्यातच. झोपेचे औषध उतरले, पापण्या उघडल्या, डोळे पुन्हा एकदा छत, दिवा असे फिरत हौसापाशी आले. त्या डोळ्यांत राग नव्हता. तिने तो शोधला, आणि सापडला नाही म्हणून तिला अधिकच वाईट वाटले.

बटण फिरले. आकडे चढू लागले. डॉक्टर आणि एस्तेर सिस्टर दोघेही उभे होते. हौसाचा हात उठला, वीतभर, उतरला, वीतभर. मल्हारीची छाती उठली, बोटभर, उतरली, बोटभर. मंद, मृदू, मायाळू अशी ती ये-जा सुरू झाली. हात आणि छाती, छाती आणि हात. यंत्राचे घूं घूं दूर गेल्यासारखे वाटले. खिडकीतल्या राखवर्णी उजेडात दोन म्हातारी होऊ घातलेली माणसे एका श्वासावर बसली होती, आणि तो श्वास पुरत होता.

एक तास झाला, दोन झाले. हौसाचा खांदा भरून आला, पण हात मोडला नाही. डॉक्टरांनी यंत्रातला प्राणवायू पुरता बंद केला. यंत्र नुसतेच रिकामे फिरत राहिले, आणि मल्हारीचे रक्त मल्हारीच्याच श्वासाने तांबडे राहिले.

“मावशी,” डॉक्टर हळूच म्हणाले, “आता थांबवा हात.”

हौसाने हात थांबवला. छाती थांबली.

तिने वाट पाहिली. छाती उठेना. मल्हारीचे डोळे तिच्या हातावर खिळलेले होते. कपाळावर घाम डवरला, नाकपुड्या फुलल्या, ओठांवर निळसर सावली आली, तरी तो थांबलेलाच. आणि मग एकदम, बुडणाऱ्याने पाण्यावर यावे तसा, एक मोठा, धसमुसळा, भयंकर हिसका छातीने घेतला. हौसाने घाईने हात चालवला. छाती निवली, हाताबरोबर झाली, शांत झाली.

पुन्हा थांबवून पाहिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच, आणि तिसरा हिसका असा होता की सिस्टरने डोळे मिटून घेतले.

“यंत्र सुटलं,” डॉक्टर म्हणाले, “आणि ते तुमच्या हाताला लागले. अशा किती वेळ बसाल तुम्ही?”

“जलमभर बसंन की,” हौसा म्हणाली. आणि ती खरेच बसली असती.

“आणि डोळा लागला तर?”

 हात वर, खाली, वीतभर, चालत होता. आणि तो चालता ठेवून हौसा विचार करत होती. हौसाने उठून त्याच्या मागे बसावे, असे सिस्टरने सुचवून पाहिले. हौसाने मान हलवली. उपयोग नव्हता. ती या खोलीत आहे हे ठाऊक असेपर्यंत तो थांबणार होता. ती दाराबाहेर आहे, आत्ता येईल, एवढे ठाऊक असले तरीही थांबणार होता. तिच्याइतके त्याला कोण ओळखत होते? दुपारी ती भाकऱ्या थापायला घरी जाई तेव्हा तो हात गुडघ्यांवर टाकून ऐरणीपुढे बसे. कुणी म्हणे, मी ओढतो भाता, तर नको म्हणे. येते म्हणालीय, येईल. घटका जावो, दोन घटका जावोत, लोखंड थंड होऊन काळे पडो. तो बसून राही. आता तसा बसला तर संपला.

आपल्याकडे उंबरा ओलांडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. पाण्याला निघालेली बाई ‘येते’ म्हणते, बाजाराला निघालेली ‘येते’ म्हणते, सासरी निघालेली लेक हुंदके देत देत ‘येते’ म्हणते. जाते म्हणणे अशुभ. जे जायचे ते न बोलता जातात आणि परत येत नाहीत. आजाऱ्याच्या खाटेपाशी तर तो शब्द मनातही आणू नये. हौसाने तो चौतीस वर्षांत उच्चारला नव्हता.

ती वाकली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यावर आला. हात अजून चालत होता.

“आवो,” ती म्हणाली. “ऐका. जाते म्या.”

सिस्टरच्या हातातली नोंदीची पाटी तशीच राहिली. “मावशी! असं काय बोलता?”

“जाते,” हौसा पुन्हा म्हणाली, त्याच्या डोळ्यांत बघत. “माजी वाट बगू नगा. म्या न्हाई यायची. तुमचं तुमी घ्या. हलका घ्या.”

आणि तिने हात खाली आणला, आणि तो वर नेला नाही.

मल्हारीला कळले. कळले हे तिला दिसले; डोळ्यांच्या कडांना पाणी साचले आणि कानशिलांवरून ओघळले. त्याने तिला अडवायला हात उचलला नाही, तेवढी ताकद त्यात नव्हतीच. बोट तेवढे हलले. कठड्यावर पडले. टिक् टिक्.

त्याने वारा मागितला, आणि हौसा वळली. दार चार पावलांवर होते. पाठीमागे पुन्हा टिक् टिक् झाले, आणि ती चालत राहिली. चार पावलांत तिला चौतीस वर्षे उलट्या अंगाने चालून गेल्यासारखे वाटले. दार मागे मिटले.

बाहेर लांबलचक ओसाड मार्गिका होती. टोकाच्या खिडकीत धुके येऊन थांबले होते. हौसा भिंतीशी उभी राहिली. दोन्ही हात तिने काखेत घट्ट दाबून धरले. तो तिच्या नावाने बोटे मोडत मरणार असेल तर मरो, पण वाट बघत मरू नये, एवढेच तिच्या मनात येत होते. आणि हे मनात येते म्हणून ती स्वतःला शिव्या देत होती. आत काय चालले होते, कळायला मार्ग नव्हता. एकदा यंत्र केकाटले. एकदा कुणीतरी पळाले. मग काहीच ऐकू आले नाही, आणि ते काहीच न ऐकू येणे सगळ्यांत वाईट होते. तिने देवाचे नाव घेतले नाही. कुठल्या तोंडाने घेणार? आताच तर ती अशुभ बोलून आली होती.

किती वेळ गेला तिला सांगता आले नसते. खिडकीतले धुके दुपारचे पातळ झाले होते. दार किलकिले झाले, आणि एस्तेर सिस्टर अंगाने बारीक होत बाहेर आली, जणू दार जास्त उघडले तर आतले काही सांडेल.

“घेतायत, मावशी. पहिले दोन-तीन फार वाईट गेले. आता वेडेवाकडे घेतायत, पण आपले आपण घेतायत.”

“हलके?”

“हलके.”

हौसाने काखेत दाबलेले हात सोडले.  मग पुढे झाली, दाराकडे. “येऊ म्या?”

सिस्टर आडवी झाली नाही, पण बाजूलाही झाली नाही. “आत्ता नको, मावशी. डॉक्टर म्हणतात, आज नकोच. उद्यासुद्धा बघू या. तुम्ही दिसलात की…”

“कळतंय,” हौसा म्हणाली. तिला कळत होते. ते कळणे कोळशाच्या पोत्यासारखे तिच्या खांद्यावर येऊन बसले. तो जगणार होता, आणि जगण्यासाठी त्याला ती नको होती.

मार्गिकेच्या कोपऱ्यात त्या खोलीचे दुसरे दार होते. ते मल्हारीच्या डोक्यामागे यायचे. तिथून तो दिसे, त्याला कुणी दिसत नसे. त्या दारात वीतभर काच होती, आतल्या गारठ्याने गार पडलेली. हौसा तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने नाक काचेला लावले.

त्याचे पांढरे, खुरटे केस दिसले. उघडा खांदा दिसला, वाळलेला. आणि छाती दिसली. ती उठत होती. एकदा लांब, दोनदा तोकडी, मधेच अडखळून, मधेच घाई करून, उतरताना थरथरत. चौतीस वर्षांत तिने असला बेताल कारभार पाहिला नव्हता. त्यात तिची ओढ कुठेच नव्हती. तो श्वास नवशिका होता, बेढब होता, एकट्याचा होता. तिला तो फार सुंदर वाटला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

तिच्या श्वासाने काच धुरकटली. पांढरे पडले, आणि त्या पांढऱ्यात मल्हारी नाहीसा झाला. तिने पदराने पुसले. तो दिसला. ती श्वास सोडायची, तो पुसला जायचा. ती पुसायची, तो दिसायचा. ती श्वास सोडायची, तो पुन्हा जायचा.

तेव्हा हौसाने ओठ मिटले. एक श्वास छातीत भरून घेतला, आणि तो तिथेच धरून ठेवला.

काच हळूहळू निवळली. पलीकडे छाती उठली, थांबली, उतरली. उठली.